मैत्रिणीला घरात त्रास होतोय अशी शंका आली तर काय करायचं, काय टाळायचं

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी सुमारे २५ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. म्हणजे चौघींत एक. देशभरात हिंसा सोसलेल्या बायकांपैकी कुणाकडे तरी मदत मागितलेल्या जेमतेम १४ टक्के निघाल्या. बाकीच्यांपैकी बहुतेक जणींनी कुणापाशी चकार शब्दही काढला नव्हता. तुमच्या ऑफिसात, सोसायटीत, भिशीत, शाळेच्या जुन्या ग्रुपमध्ये अशी कुणीतरी असणारच. पोलीस किंवा वकील गाठण्याच्या खूप आधी ती तुमच्यासारख्या कुणाला तरी अर्धंमुर्धं काही सांगेल.

त्या अर्ध्यामुर्ध्या बोलण्यापासून पुढे कसं वागायचं, हे पहिल्यांदाच अशा प्रसंगात सापडलेल्यांसाठी लिहिते आहे. आधीच एक गोष्ट ठामपणे सांगते. तिला त्या घरातून बाहेर काढणं हे तुमचं काम नाही. घरात तिचा प्रत्येक निर्णय दुसरंच कुणी घेतंय. तिच्या भल्यासाठी म्हणून तुम्हीही तेच करायला लागलात, तर तिला ज्यांच्याशी जपून वागावं लागतं त्या माणसांत एकाची भर पडते, इतकंच. तिच्याशी बोलणं तुटू न देणं, खरी माहिती देणं आणि ती ज्या दिवशी पाऊल उचलेल त्या दिवशी हाताशी असणं, एवढं तुमचं काम. एवढंही भरपूर आहे.

पहिली पायरी: खुणा ओळखा

काळानिळा डोळा फार थोड्या वेळा दिसतो. मारणारा बहुतेकदा कपड्यांनी झाकलं जाईल अशा ठिकाणी मारतो, आणि कित्येक घरांत हात न उचलताही बाईला मुठीत ठेवलेलं असतं. म्हणून रोजच्या वागण्याकडे लक्ष द्या. फोन वाजला की तिचा चेहरा पडतो, पहिल्या रिंगलाच उचलते, कुठे आहे ते दाखवायला फोटो पाठवते. पगाराचा मेसेज आला की दहा मिनिटांत पैसे दुसऱ्या खात्यात जातात आणि रिक्षाला वीस रुपये तिला तुमच्याकडे मागावे लागतात. पूर्वी हळदीकुंकवाला सगळ्यांत आधी यायची, आता दरवेळी ‘पाहुणे आलेत’. माहेरी जाणं बंद झालंय. व्हॉट्सअ‍ॅपवरचं तिचं लिहिणं मधूनच बदलतं, जणू उत्तर दुसरंच कुणी टाइप करतंय. ‘बाथरूममध्ये घसरले’ हे वर्षात तिसऱ्यांदा ऐकू येतं.

यातल्या एखाद्या खुणेवरून निष्कर्ष काढू नका. चारपाच गोष्टी एकत्र दिसल्या तर मात्र ‘आपल्याला काय करायचंय, त्यांच्या घरातला प्रश्न आहे’ असं म्हणून बाजूला होऊ नका. कायद्याने हा घरातला प्रश्न ठेवलेला नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शारीरिक, लैंगिक, तोंडी-भावनिक आणि आर्थिक अशा चारही प्रकारच्या छळाचा समावेश आहे. मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून टोमणे मारणं त्यात नाव घेऊन लिहिलेलं आहे. घरखर्चाला पैसे न देणं, तिची कमाई काढून घेणं आणि स्त्रीधन विकून टाकणं हेही त्यात येतं.

दुसरी पायरी: बोलायला जागा द्या

हे बोलणं तिच्या घरात नको, फोनवर नको आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर अजिबात नको. शाळेच्या गेटवर मुलं सुटायची वाट बघताना, स्टेशनवरून चालत येताना, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, म्हणजे तिचं तिथे असणं कुणाला खटकणार नाही अशी वेळ निवडा. तिसरं माणूस नको. तीन वर्षांचं मूलही घरी जाऊन ‘आई मावशीजवळ रडत होती’ असं सांगतं.

‘घरी सगळं ठीक ना?’ असं विचारलं तर उत्तर ‘हो गं, का?’ असंच येणार. त्यापेक्षा तुम्ही डोळ्यांनी जे पाहिलं तेवढंच सांगा:

‘परवा त्याचा फोन आला तेव्हा तू एकदम पांढरीफटक पडलीस. मला काळजी वाटली. तुला बोलावंसं वाटलं तर मी आहे, आणि हे माझ्यापाशीच राहील.’

ती म्हणेल, ‘छे गं, त्यांचा स्वभावच तापट आहे. तसे चांगले आहेत.’

इथे वाद घालू नका. ‘कसले चांगले!’ म्हणालात की ती नवऱ्याची बाजू मांडायला लागेल, मग तुम्ही पुरावे द्याल, आणि पुढच्या वेळी ती तुमच्यासमोर तोंडच उघडणार नाही. ‘बरं. पण घरी जायची भीती वाटते का कधी?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. ती शांतता तुम्हाला जड जाईल, तरी भरून काढू नका.

ती बोलायला लागली तर ऐकताना तीन वाक्यं पुरतात. ‘सांगितलंस ते बरं केलंस.’ ‘माझा तुझ्यावर विश्वास आहे.’ ‘यात तुझी चूक नाही.’ तिसरं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणा, कारण त्याच्या नेमकं उलट तिला रोज ऐकवलं जातं. मग विचारा, ‘तुला काय व्हावंसं वाटतं?’ तिचं उत्तर ‘त्याने दारू सोडावी, बस’ असं असू शकतं. तुमच्या मते ते उत्तर अपुरं असेल. आज तिचं उत्तर ते आहे, तर तिथूनच पुढे चला.

आता न बोलायच्या गोष्टी. ‘तू सहनच का करतेस?’ आणि ‘मी असते तर एक दिवस राहिले नसते’ ही दोन वाक्यं काळजीपोटी येतात, पण तिला ती दोषारोपासारखी ऐकू येतात. ‘टाळी एका हाताने वाजत नाही’, ‘मुलांकडे बघून थोडं सोस’, ‘एखादं मूल झालं की सुधारेल’ हे तर तिने सासर आणि माहेर दोन्हीकडे ऐकलेलं असतं. शक्यता अशी असते की या वाक्यांनीच तिला इतकी वर्षं गप्प बसवलंय.

तिसरी पायरी: घाईत करू नये अशा चार गोष्टी

त्याला जाब विचारायला जाऊ नका. तुमच्या नवऱ्याला किंवा भावाला ‘जरा समजावून ये’ म्हणून पाठवू नका. तो चारचौघांत हात जोडेल, माफीही मागेल, आणि दार लागलं की तिने बाहेर सांगितल्याची वसुली करेल.

तिला न विचारता तिच्या आईवडिलांना फोन करू नका. काही माहेरं धावून येतात. काही मात्र त्याच संध्याकाळी जावयाला फोन करून ‘आमच्या मुलीचं काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या’ म्हणतात. आपलं माहेर यातलं कोणतं, ते तिला ठाऊक असतं.

ग्रुपवर काहीही टाकू नका, नाव न घेता टाकलेलंही ओळखू येतं. आणि ‘हे केलंस तरच मी तुझ्या पाठीशी’ अशी अट घालू नका.

चौथी पायरी: धोका किती आहे ते तिच्यासोबत जोखा

हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण इथली चूक जिवावर बेतते.

तिला सरळ विचारा: त्याने कधी गळा दाबलाय का? हा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत आणि बायकाही आपणहून सांगत नाहीत, ‘धक्काबुक्की’ म्हणून सोडून देतात. गळा दाबल्यावर बाहेर वळ दिसेलच असं नाही. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, क्षणभर शुद्ध जाणं, नकळत लघवी होणं यातलं काहीही झालं असेल तर ती आता ठणठणीत वाटली तरी तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्या. आतली सूज काही तासांनी वाढू शकते. ज्याने एकदा गळा दाबलाय त्याच्याकडून जीव जाण्याचा धोका पुढेही बराच जास्त राहतो, आणि हे तिला स्पष्ट शब्दांत कळायला हवं.

आणखीही विचारा. जीवे मारण्याची धमकी, चाकू-कोयता दाखवणं, रॉकेल किंवा गॅसची भीती घालणं, गरोदर असताना मारणं, दारू आणि संशय दोन्ही वाढत जाणं, पाठलाग, ‘तू गेलीस तर मी जीव देईन आणि तुलाही घेऊन जाईन’ असं बोलणं: यातलं काही असेल तर हा ‘तापट स्वभाव’ राहिलेला नाही. सगळ्यांत धोक्याचा काळ असतो तो ती घर सोडायच्या बेतात असते तेव्हा आणि सोडल्यानंतरचे पहिले काही महिने. म्हणून ‘आजच बॅग भर आणि ये’ असं म्हणण्याआधी तो कुठे असेल, ती कशी निघेल, कुठे पोचेल आणि तो तिथे आला तर काय करायचं, हे ठरलेलं हवं.

मारहाण चालू असेल तर ११२, म्हणजे पोलिसांच्या तातडीच्या मदतीचा नंबर. हा फोन शेजारीपाजारी, मैत्रीण, कुणीही करू शकतं. पत्ता, मजला आणि घरात मुलं आहेत का ते आधी सांगा. तुम्ही एकट्या आत शिरू नका.

तीच ‘आता जगावंसं वाटत नाही’ म्हणाली तर ते बोलण्यातलं म्हणून सोडू नका. ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ असं थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर रात्रंदिवस चालू असतो. मदत मिळेपर्यंत तिला एकटी सोडू नका.

पाचवी पायरी: संपर्क आणि फोन

तिचा फोन तो बघतो असंच धरून चाला. व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये अनोळखी कॉम्प्युटर जोडलेला आहे का, गुगल मॅप्सवरून तिचं ठिकाण कुणाला सतत दिसतंय का, तिच्या जीमेलचा पासवर्ड कुणाकुणाला ठाऊक आहे, हे तुमच्यासोबत बसून तिला पाहता येईल. पण सापडलेलं सगळं लगेच बंद करू नका. एकाएकी ठिकाण दिसेनासं झालं की त्याला कळतं, आणि त्या रात्रीचा हिशोब ती देते. काय बंद करायचं आणि कधी, हे तिला ठरवू द्या. हेल्पलाइनचे फोन तुमच्या मोबाइलवरून लावा, म्हणजे तिच्या यादीत महिला हेल्पलाइनचा १८१ हा नंबर राहणार नाही.

एक सांकेतिक वाक्य ठरवा, कुणासमोरही सहज म्हणता येईल असं. ‘माझी कुकरची शिट्टी तुझ्याकडे राहिलीय का?’ हे ऐकल्यावर तुम्ही नेमकं काय करायचं तेही आधीच ठरलेलं हवं. लगेच ११२ ला फोन करायचा, की काहीतरी निमित्त काढून दारात जायचं, की फक्त अर्ध्या तासाने पुन्हा फोन करायचा? मी दोन वाक्यं ठरवायचं सुचवेन, एक ‘फोनवर लक्ष ठेव’साठी आणि एक ‘पोलिसांना बोलाव’साठी.

सहावी पायरी: कागद, पैसे आणि पिशवी

तिला आज कुठेही जायचं नसलं तरी ही तयारी करून ठेवता येते. आधार, पॅन, रेशन कार्डाची प्रत, लग्नाचा दाखला (नसेल तर लग्नपत्रिका आणि विधींचे फोटो), मुलांचे जन्मदाखले, तिच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, पासबुक, पासपोर्ट, औषधांची चिठ्ठी. मूळ कागद हलवले तर त्याच्या लक्षात येण्याचा धोका असतो. अशा वेळी फोटो काढून तुमच्याकडे ठेवा आणि तिच्या फोनमधून पुसा. डिलीट केलेले फोटो ‘ट्रॅश’मध्ये बरेच दिवस पडून राहतात, तिथूनही काढा.

एक गोष्ट हमखास राहून जाते: तिच्या आधारला आणि बँक खात्याला कुणाचा मोबाइल नंबर जोडलेला आहे? नवऱ्याचा असेल तर प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे जाणार, आणि तिने नवं खातं उघडायला घेतलं की त्याला आधीच समजणार. आधी नंबर, मग खातं. नवं खातं वेगळ्या बँकेत असलेलं बरं, आणि घरी टपाल येणार नाही एवढं बघावं.

दागिन्यांची यादी करा: काय, कुणी दिलं, आता कुठे आहे. पावत्या असतील तर त्यांचे फोटो, नसतील तर लग्नाच्या फोटोंत जे दिसतं ते. माहेरून आणि सासरहून तिला मिळालेलं स्त्रीधन तिचंच असतं, आणि ते परत करायचा आदेश न्यायालय देऊ शकतं.

दोन जोड कपडे, मुलांचं एखादं आवडतं खेळणं, थोडी रोकड, घराची जास्तीची किल्ली अशी पिशवी तुमच्या कपाटात राहू द्या. वेळ आली तर ती रिकाम्या हातीही निघाली पाहिजे. सामानासाठी थांबायचं नाही, हे तिला बजावून सांगा.

सातवी पायरी: नोंदी

रोजनिशी तुमच्याकडे राहील अशी व्यवस्था करा. तारीख, वेळ, काय झालं, कुणी पाहिलं. भाषा साधी: ‘१४ तारखेला रात्री जेवण उशिरा झालं म्हणून ताट फेकलं, डाव्या खांद्याला लागलं, थोरली जागी होती.’ जखमेचा एक फोटो जवळून आणि एक चेहऱ्यासकट. तिने तुम्हाला जे सांगितलं ते त्याच दिवशी लिहून ठेवा, पदरचं काही न घालता. पुढे साक्ष द्यायची वेळ आली तर तुमची विश्वासार्हता त्यावरच ठरेल.

दवाखान्यात ‘पडले’ असं सांगितलं की केसपेपरवर ‘पडल्याने इजा’ असंच येतं, आणि वर्षभराने तोच कागद तिच्या विरोधात वापरला जातो. तिला जमणार असेल तर डॉक्टरांना खरं सांगू द्या आणि कुणी, कशाने मारलं ते नोंदवून घ्या. सरकारी रुग्णालयात एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवलं जाणारी वैद्यकीय नोंद, करतात. ती केली म्हणजे लगेच गुन्हा दाखल झाला असं नसतं. केसपेपरची प्रत घ्यायला विसरू नका.

आठवी पायरी: कायद्याच्या दोन वाटा

या दोन वाटांची सरमिसळ केल्यामुळे अनेक जणी पहिल्याच दारातून परत फिरतात.

पहिली वाट संरक्षणाची. कौटुंबिक हिंसाचार कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याखाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून पुन्हा हिंसा न करण्याचा आदेश, राहत्या घरात राहण्याचा हक्क, खर्चाला पैसे, मुलांचा तात्पुरता ताबा आणि नुकसानभरपाई मागता येते. तातडी असेल तर समोरच्याचं ऐकण्याआधीही अंतरिम आदेश मिळू शकतो. ‘त्याला तुरुंगात नाही टाकायचं, मला फक्त शांतपणे राहायचंय’ असं म्हणणाऱ्या बाईसाठी ही वाट आहे, कारण अर्ज केला म्हणून अटक होत नाही. आदेश मोडला तर मात्र एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. घर सासूसासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून हक्क नाही, हे खरं नाही. ते तिचं सामायिक घर असेल तर तिथे राहण्याचा हक्क ती मागू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणारी, अविवाहित बहीण, मुलगा छळतोय अशी म्हातारी आई, याही अर्ज करू शकतात.

पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून बराच वेळ लागतो. तिला हे आधीच सांगा, म्हणजे तिसऱ्या तारखेला ती खचणार नाही.

दुसरी वाट फौजदारी. पूर्वीचं ४९८-अ हे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालंय. क्रूर वागणुकीला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. इथे तुमच्यासाठी महत्त्वाचा तपशील असा, की या कलमाखाली दखलपात्र गुन्ह्याची (म्हणजे पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात अशा गुन्ह्याची) फिर्याद तिने स्वतः किंवा रक्ताच्या, लग्नाच्या वा दत्तकाच्या नात्यातल्या माणसाने द्यावी लागते. मैत्रीण म्हणून तुम्ही ती देऊ शकत नाही. पण कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे, हिंसा होतेय असं मानायला कारण असेल तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. अर्थात तिचा जीव धोक्यात नसेल तर हेही तिला विचारूनच.

नववी पायरी: कोणतं दार ठोठवायचं

१८१ ही महिला हेल्पलाइन. काय करायचं तेच कळत नसेल तर इथून सुरुवात करा. तुम्ही तिच्या वतीने, नाव न सांगताही माहिती विचारू शकता.

जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर असतं. वैद्यकीय मदत, समुपदेशन, पोलीस आणि वकील यांच्याशी गाठ तिथेच घालून देतात, आणि साधारण पाच दिवसांपर्यंत राहण्याची सोय होते. त्याहून जास्त दिवसांसाठी निवारागृह लागतं, तेही तिथूनच विचारा.

संरक्षण अधिकारी महिला व बालविकास विभागाचे असतात. ते घटनेचा अहवाल विहित नमुन्यात भरून न्यायालयाकडे पाठवतात. कुठे बसतात ते जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात कळतं.

महिला व मुलांसाठी विशेष कक्ष हे महाराष्ट्राचं वैशिष्ट्य. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात पहिला कक्ष सुरू केला, आज ते राज्यभर आहेत. जागा पोलिसांची, बसणाऱ्या मात्र प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या, त्यामुळे ‘पोलीस’ या शब्दाला घाबरणारी बाई तिथे मोकळी होते. मुंबईत महापालिकेच्या काही रुग्णालयांत हिंसा सोसलेल्या बायकांना समुपदेशन देणारी ‘दिलासा’ केंद्रं आहेत. दवाखान्यात जाण्यावर घरी कुणी फारसा संशय घेत नाही, म्हणून ती फार उपयोगाची. पुण्यात नारी समता मंच आहे. १९८२ मध्ये मंजुश्री सारडा आणि शैला लाटकर या विवाहितांच्या मृत्यूंनी शहर हादरलं, त्यातून ही संस्था उभी राहिली. मंजुश्री यांनी सासरचं दुःख बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रांतून लिहिलं होतं आणि ती पत्रं पुढे न्यायालयात वाचली गेली. त्यांच्या खुनाच्या आरोपातून पतीला सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये निर्दोष ठरवलं. बाई आपलं दुःख पहिल्यांदा कुणाला सांगते, ते मात्र त्या पत्रांतून दिसतं.

वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून अडू नका. उत्पन्न कितीही असो, महिलांना मोफत विधी सहाय्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, फोन १५१००.

पोलीस ठाण्यात जायचं ठरलं तर सोबत जा, शक्यतो दिवसा. ती बोलेल, तुम्ही शेजारी बसा. ‘घरचं भांडण आहे, समेट करून टाका’ असं सुरुवातीला ऐकू येईल, किंवा ‘एनसी घेतो’. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. त्यावर न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. तिला कलम ८५ खाली तक्रार द्यायची असेल तर शांतपणे तेच पुन्हा सांगा आणि लेखी अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर पोच घ्या. हद्द आमची नाही म्हणाले तरी दखलपात्र गुन्हा शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवावा लागतो. जबाबावर सही करण्याआधी तो तिला वाचू द्या. वाक्य बदललेलं वाटलं तर दुरुस्त करून घ्या. प्रथम माहिती अहवालाची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते.

ती परत गेली तर

बहुधा जाईल. मुलांची शाळा, पैसे, आईचं आजारपण, त्याची माफी, किंवा अजून असलेलं प्रेम, यातलं कोणतंही कारण पुरतं. तेव्हा ‘मग माझा वेळ कशाला घेतलास?’ असं तोंडातून जाऊ देऊ नका. ‘बरं. शिट्टीचं वाक्य लक्षात आहे ना? पिशवी माझ्याकडेच ठेवते,’ एवढंच म्हणा आणि पूर्वीसारख्याच भेटत राहा. भेटीत दरवेळी हाच विषय काढू नका. सिनेमा, भाजीचे भाव, मुलांच्या परीक्षा हेही बोला. तिला छळाशिवायचं आयुष्य तेवढ्यापुरतं तरी मिळू द्या.

मुलांना मार बसत असेल किंवा त्यांचा छळ होत असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला कळवा. मुलांच्या बाबतीत गप्प राहणं मला पटत नाही, मैत्री धोक्यात आली तरी. अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं समजलं तर पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारकच आहे.

मित्र असेल तर? पुरुषांनाही घरात मार बसतो आणि ते आणखी लपवतात. २००५ चा कायदा त्यांना लागू नाही, पण दुखापत आणि धमकीची तक्रार कुणीही करू शकतं, आणि ऐकणं, जोखणं, नोंदी ठेवणं या पायऱ्या त्यांच्यासाठीही तशाच.

लग्न होऊन परदेशी गेलेल्या मैत्रिणीच्या बाबतीत सगळ्यांत मोठी धमकी व्हिसाची असते: ‘पोलिसांना बोलावलंस तर तुलाच परत पाठवतील.’ हे ऐकून गप्प बसू नये, तिथल्या हेल्पलाइनवर विचारावं. अमेरिकेत १-८००-७९९-७२३३ हा राष्ट्रीय नंबर आहे, आणि न्यू जर्सीतली मानवी ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई बायकांसाठीच काम करते. पासपोर्टची प्रत मात्र आजच मागवून तुमच्याकडे ठेवा.

तारखेच्या दिवशी

खटला सुरू झाला की सुरुवातीचे दोन-तीन महिने सगळे विचारपूस करतात, मग गर्दी ओसरते. तुमची खरी गरज तेव्हा लागते. दोघीतिघींनी वाटून घ्या: एकीने तारखेला सोबत जायचं, एकीने मुलं सांभाळायची, एकीने कागदांची फाइल. एकटीने सगळं ओढू नका. तुम्हालाच झोप येईनाशी झाली तर एखाद्या समुपदेशकाशी बोला, तिचं नाव न घेता.

न्यायालयात तोही असेल, बऱ्याचदा चार नातेवाइकांसह. तिच्या आधी पोचा, त्यांच्यापासून लांबचा बाक धरा, पाणी आणि डबा बरोबर ठेवा, कारण पुकारा अकराला होईल की चारला, याचा भरवसा नसतो. बाहेर ‘जरा दोन मिनिटं बोलू’ म्हणून ते तिला बाजूला घेऊ पाहतील. तिला बोलायचं नसेल तर तिच्या वकिलांना लगेच बोलवा. निघताना पुढची तारीख वहीत लिहून घ्या. संरक्षणाचा आदेश मिळाला तर त्याची प्रमाणित प्रत घ्या, एक तिच्या पर्समध्ये, एक तुमच्याकडे, आणि एक तिच्या भागातल्या पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या. मुलांच्या शाळेतही कळवून ठेवा, म्हणजे मूल कुणाच्या हाती सोपवायचं ते तिथल्या बाईंना ठाऊक असेल.